मांडवाखालची हरळी

पुण्या-नाशकाकडच्या कुठल्याही मोठ्या रस्त्याने शहराबाहेर पडलं, की टाइल्सची दुकानं आणि ट्रॅक्टरच्या शोरूम संपता संपता 'लॉन्स' सुरू होतात. उंच कमान, कमानीवर मालकांच्या कुलदैवताचं नाव आणि नावापुढे 'लॉन्स'. आत जाऊन पाहावं तर बरीचशी जागा फरशीची, फरशीवर हिरवी मॅट, आणि खरं गवत म्हणाल तर स्टेजच्या एका अंगाला दोरी लावून राखलेलं, नवरा-नवरीच्या फोटोपुरतं. याला हसणारे लोक आहेत. मला मात्र त्या मालकाच्या शहाणपणाबद्दल आदर वाटतो. दर सीझनला इतक्या पंगती उठवलेल्या माणसाला एक गोष्ट कळून चुकलेली असते: हजार माणूस जेवायला बोलवायचं असेल, तर आमंत्रणाच्या यादीतून गवताला वगळावं.

पंचाईत होते ती हौशी माणसाची. त्याच्या बंगल्यापुढे स्वतःचं लॉन असतं, ते त्याने पोटच्या पोरासारखं वाढवलेलं असतं, आणि एक दिवस पोटच्या पोरीचं लग्न त्याच लॉनवर करावं असं त्याच्या मनात येतं. मग एका लेकराच्या कौतुकासाठी दुसऱ्याच्या अंगावरून पाच-सहाशे माणसं चालवायची वेळ येते.

आमच्या भाऊजींचं हेच झालं. नाशिकला त्यांचा बंगला आहे आणि पुढे ऐसपैस लॉन. भाचीचं लग्न ठरल्यावर कार्यालयं बघायला सुरुवात झाली, पण दोन-तीन ठिकाणचे दर ऐकल्यावर भाऊजी म्हणाले, "आपल्या दारात मांडव घालू." दारात मांडव या शब्दांत असं काही आहे, की मराठी माणसाला त्यापुढे विरोध सुचत नाही. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. माईंनी, म्हणजे भाऊजींच्या आईंनी, देवापुढे साखर ठेवली. त्या रात्री भाऊजी बाहेर खुर्ची टाकून लॉनकडे बघत बसले होते, ते मात्र वेगळ्याच कारणाने.

दुसऱ्या दिवसापासून घरात याद्या झाल्या. मानपानाची, किराण्याची, गाड्यांची. भाऊजींनी स्वतंत्र वही घातली. वर 'लॉन' असं लिहून खाली दोन रेघा मारल्या.

लग्नाच्या बोलाचालीसाठी निफाडहून त्यांचे चुलते, अण्णा, आले होते. त्यांनी लॉनवर उकिडवं बसून चार काड्या उपटल्या, चुरगाळल्या आणि विचारलं, "ही हरळीच ना?" भाऊजी म्हणाले, "हो, पण सिलेक्शन केलेली जात आहे. नर्सरीतून चौकोनी गाद्या आणून लावलीय." "पैशे देऊन?" "चौरस फुटावर भाव असतो, अण्णा." अण्णा यावर बराच वेळ काही बोलले नाहीत. ज्या माणसाचं अर्धं आयुष्य उन्हाळी नांगरटीनंतर रानातून हरळीच्या काशा वेचून बांधावर जाळण्यात गेलं, त्याच्या पुतण्याने तीच हरळी विकत आणून तिला फवाऱ्याने पाणी घालावं, हे पचायला वेळ लागणारच. अखेर ते एवढंच म्हणाले, "मग काळजी कसली करतोस? ही मरत नसती. आम्ही लई बघितलं मारून."

या एका वाक्यात लॉनविषयीचं निम्मं शास्त्र आलं. हरळी जमिनीवरून धावते आणि जमिनीखालूनही धावते. वरचं सगळं गेलं तरी एखाद्या काशीचा तुकडा उरला, की पेऱ्यापेऱ्यावर पुन्हा फुटते. गणपतीला आपण एकवीस दूर्वा वाहतो, त्या हिच्याच. माई रोज सकाळी लॉनवरूनच खुडायच्या आणि भाऊजी खिडकीतून म्हणायचे, "माई, कडेकडेने." देवाच्या वाट्यालाही त्यांनी लॉनची फक्त कड ठेवली होती.

तर अशी ही चिवट हरळी मांडवाखाली मरते कशी? त्या लग्नानंतर माझं मत असं झालंय, की पाहुण्यांमुळे ती फारशी मरत नाही. यजमानाच्या काळजीने मरते.

काळजीची सुरुवात पाण्यापासून होते. लग्नाच्या आदल्या दिवशी लॉन हिरवंगार दिसावं म्हणून यजमान संध्याकाळी भरपूर पाणी देतो. भाऊजींच्या माळीमामांनी आधीच बजावलं होतं, की दोन-तीन दिवस पाणी तोडा, जमीन वाळू द्या. पण सुकलेल्या लॉनवर व्याही कसे उभे करायचे? पाणी दिलंच. आता, चांगल्या मातीत घनफळाच्या हिशेबाने जवळजवळ निम्मी जागा पोकळ असते; त्या पोकळीत पाणी आणि हवा असते आणि मुळं त्या हवेवर जगतात. कोरड्या मातीवर पाय पडला तर कण एकमेकांना धरून राहतात. ओल्या मातीत ते घसरून एकमेकांना चिकटतात आणि पोकळी मिटते. त्यात नाशिककडची काळी चिकण माती. भिजली की फुगते, दाबली की विटेसारखी बसते. वर गवत दोन दिवस हिरवंच दिसतं, खाली मुळांचा श्वास कोंडलेला असतो.

गंमत म्हणजे आपल्या आज्या-पणज्यांनी हे दाबण्याचंच काम शतकानुशतकं मन लावून केलं. पावसाळा सरला, की अंगणात मुरूम टाकायचा, पाणी शिंपडायचं, लाकडी चोपण्याने तो धोपटून धोपटून सपाट करायचा आणि वर शेणाचा सडा-सारवण. खळ्याचंही तेच. गवताची काडी उगवली तर उपटून टाकायची. त्या अंगणावर मांडव घाला, बैलगाड्या उभ्या करा, वरात नाचवा, त्याचं काही बिघडत नव्हतं. उलट जितकी माणसं नाचतील तितकं ते पक्कं. लॉन ही अंगणाच्या जागी आलेली, पण अंगणाच्या नेमकी उलट वस्तू आहे. तिची माती भुसभुशीत हवी आणि तिच्यावर माणसं कमी हवीत. आपण मात्र अंगण काढून तिथे लॉन लावलं आणि रीत तीच ठेवली.

दुसरी काळजी कापणीची. विम्बल्डनच्या कोर्टवरचं गवत आठ मिलिमीटरवर कापतात हे भाऊजींनी वाचलं होतं. त्यामुळे लग्नाआधी यंत्राचं पातं अगदी खाली घेऊन त्यांनी लॉनची हजामत केली. विम्बल्डनचं गवत थंड हवेतलं, रायग्रास जातीचं. दोन आठवड्यांच्या स्पर्धेसाठी वर्षभर तज्ज्ञांची फौज त्याच्या दिमतीला. शिवाय तिथे मधल्या रेषेवर आचारी भट्टी लावत नाही. मांडव घालायचा असेल तर गवत उलट दीड-दोन इंच वाढू द्यायला हवं. पाती लांब असली तर पायाखाली तीच गादी होते, आणि पुढचे चार दिवस अंधारात काढायला झाडाकडे थोडी शिल्लकही राहते. खुरटलेल्या गवताच्या बाबतीत माणसाचा बूट थेट त्याच्या खोडावरच येतो. (गवत कापायचं हे यंत्रही मूळचं कापडाच्या जगातलं. १८३० मध्ये इंग्लंडात एडविन बडिंग नावाच्या कारागिराने ते बनवलं, आणि कल्पना सुचली ती गिरणीत लोकरी कापडावरची लव छाटणाऱ्या यंत्रावरून. त्याआधी इंग्रज जमीनदार लॉनवर विळे चालवायचे, नाहीतर मेंढ्या सोडायचे. मेंढ्या सोडलेल्या लॉनवर रेशमी साड्या नेसून कोणी गेलं असतं का, हा विचार माझ्या मनात येतो.)

मधेच मांडववाल्याचं सांगायला हवं. हा इसम मला फार आवडला. लॉन पाहिल्याबरोबर तो भाऊजींना म्हणाला, "साहेब, तुमचं लॉन म्हणजे आपलंच लॉन." आणि त्याच्या पोरांनी दुसऱ्या दिवशी पहारी काढल्या. पूर्वी मांडवाला वासे पुरल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. आता लोखंडी पाइपांचे सांगाडे आले, बुडाला चौकोनी पत्रे आले, मोठ्या समारंभांना तर बिनखांबी जर्मन हँगर आले. जमिनीत काही पुरावं लागत नाही, पत्र्यावर वाळूची पोती किंवा पाण्याने भरलेले ड्रम ठेवले की वाऱ्याला पुरे. तसं ठरलंही होतं. पण कनातीचे ताण ओढायला मेखा लागतातच, आणि सवयीचा हात पहारीकडे जातो. तिसऱ्या का चौथ्या घावाला पहार तुषारसिंचनाच्या पाइपात गेली आणि मांडवाच्या मधोमध कारंजं उडालं. बाळगोपाळ अतिशय खूश झाले. भाऊजींनी 'लॉन' वही मिटून ठेवली, ती त्या दिवशी पुन्हा उघडली नाही. जमिनीखालचे पाइप आणि वायरी कुठून जातात, त्यावर आधी चुन्याची रेघ मारून द्यावी, म्हणजे पोरांनाही दोष राहत नाही.

मुहूर्तमेढीचा प्रश्न याहून नाजूक होता. मांडवाचा पहिला खांब तो. उंबराची फांदी, आंब्याचे डहाळे, खड्ड्यात सुपारी, हळकुंड, वर हळद-कुंकू. खड्डा कुठे? गुरुजींनी जी जागा दाखवली ती लॉनच्या ऐन मध्यावर. माई म्हणाल्या, "जमिनीत हवी." भाऊजी म्हणाले, "जमीन म्हणजे माती, आणि माती कुंडीतही असते." दोघांनी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी शहरातले होते. सातव्या मजल्यावरच्या गॅलरीत मुहूर्तमेढ रोवलेला माणूस तो. म्हणाले, "कुंडी चालते. फक्त तळाला भोक असलेली घ्या, जमिनीशी संबंध राहतो." या शास्त्रार्थावर दोन्ही पक्ष खूश झाले. माझ्या पाहण्यात त्या लग्नात लॉनच्या रक्षणासाठी झालेलं हेच एक काम निर्विवाद बरोबर होतं.

मग आली तिसरी काळजी, आणि हीच सगळ्यांत घातक. लॉनवर काही सांडू नये म्हणून भाऊजींनी मॅटखाली प्लॅस्टिकचा कागद अंथरायला लावला. मांडव उभारायच्या दिवशीच, म्हणजे लग्नाच्या कितीतरी आधी. वर हिरवी मॅट. खऱ्या हिरवळीवर खोटी हिरवळ घालून आम्ही सगळे समाधानाने उभे राहिलो. पुढचा भाग अजून कापडाखाली आला नव्हता. तिथे दुपारचं ऊन थेट पडत होतं. रोपवाटिकेत उन्हाळ्यात वाफे भिजवून त्यावर पारदर्शक प्लॅस्टिक ताणून ठेवतात, ते तणाचं बी आणि मातीतली बुरशी मरावी म्हणून. ओली जमीन, वर प्लॅस्टिक, वर ऊन. आम्ही अगदी तोच प्रयोग केला, फक्त तणाऐवजी लॉनवर. डिसेंबरचं ऊन म्हणून थोडक्यात निभावलं.

झाकायचं नाही असं नव्हे. पण झाकायचं ते श्वास घेणारं. काथ्याची चटई, साधी सतरंजी, भोकं असलेल्या प्लॅस्टिकच्या जोडफरश्या. स्टेज, जनरेटर, जेवणाच्या टेबलांची रांग अशा जड वस्तूंखाली प्लायचे तक्ते, म्हणजे वजन पसरतं. आणि हे सगळं शक्य तितक्या उशिरा अंथरायचं, शक्य तितक्या लवकर उचलायचं. २०१४ साली ३१ ऑक्टोबरला राज्याच्या मुख्यमंत्र्यांचा शपथविधी वानखेडे स्टेडियमवर झाला होता. भाऊजींना तो प्रसंग गवताच्या अंगाने आठवत होता. "एवढे नेते, एवढी गर्दी, आणि पुन्हा क्रिकेट झालंच की तिथे," असं ते स्वतःला समजावत होते. झालंच, पण दुसऱ्या दिवशी तिथे कोणी देवक उठायची वाट बघत नव्हतं.

पाहुण्यांविषयी मी बोलणार नव्हतो, कारण ते निर्दोष आहेत. पण टाचांविषयी बोललं पाहिजे. शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकात दाबाचं गणित असतं. चार हजार किलोंचा हत्ती चार पायांवर उभा असतो आणि त्याचा एकेक तळवा हजार चौरस सेंटिमीटरहून मोठा; म्हणजे चौरस सेंटिमीटरला एक किलोसुद्धा भार येत नाही. साठ किलोंची करवली एक चौरस सेंटिमीटरच्या टाचेवर पाऊल टाकते, तेव्हा तिथे तीस-चाळीस किलो सहज येतात. लॉनच्या दृष्टीने वरातीत हत्ती आणलेला परवडला. वरपक्षाकडच्या मुलींच्या टाचा मॅट भेदून आत जात होत्या आणि प्रत्येक पावलाला एक छोटं भोक पडत होतं. माळीमामांनी ते पाहिलं आणि म्हणाले, "बरंय, हवा खेळंल." भाऊजींना जरा धीर आला. वास्तविक टाच माती बाहेर काढत नाही, बाजूला दाबते, त्यामुळे हवा खेळण्याचं पुण्य तिच्या पदरात फारसं पडत नाही. पण लग्नाच्या दिवशी यजमानाला खरं सांगायचं नसतं.

आदल्या संध्याकाळच्या पाण्याने आपली कामगिरी पंगतीला दाखवली. वरपक्षाकडचे एक वजनदार काका प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले तेव्हा टेबलाच्या बरोबरीने होते. जिलबीला ते दोन बोटं खाली गेले. मठ्ठा आला तेव्हा त्यांची हनुवटी ताटाच्या जरा वर, एवढंच अंतर राहिलं होतं. भाचीच्या मित्रांनी त्यांना खुर्चीसकट उचलून प्लायच्या तक्त्यावर आणलं. काकांनी मान राखला गेला असं समजून सगळ्यांना नमस्कार केला.

आचाऱ्याचं मात्र वाईट वाटलं. त्याला जागा नेमून दिली होती, मागच्या बाजूच्या फरशीवर. पण भाताचं कढत पाणी ओतायला त्याची माणसं चार पावलं पुढे येत, जिथे माती दिसेल तिथे. उकळतं पाणी, तळणाचं तेल आणि मीठ या तिघांपुढे हरळीचंसुद्धा काही चालत नाही. सांडलेला जिलबीचा पाक परवडला, त्याला मुंग्या असतात. अक्षताही परवडतात, दुसऱ्या दिवशी सकाळी साळुंक्यांनी आणि पारव्यांनी मांडवात आपली वेगळी पंगत मांडली होती.

लग्न लागलं, भाची गेली, घर रिकामं झालं. मांडववाला मॅट उचलायला येणार तर माईंनी त्याला फाटकातच अडवलं. देवक उठल्याशिवाय मांडवाला हात लावायचा नसतो. भाऊजी एकदा लॉनकडे, एकदा माईंकडे बघत राहिले. शेवटी ताईनेच तोड काढली. देवक देवघरात बसवलेलं आहे, कुंडीतली मेढ फाटकाशी आहे, तिच्यावर चार बांबूंचा छोटा मांडव राहू द्या. बाकीचा नेऊ दे. माईंना ते पटलं. मांडववाल्याला मात्र एव्हाना दुसऱ्या लग्नाला जायचं होतं. "उद्या येतो," म्हणाला. मग त्याचा फोन लागेना. त्या 'उद्या'त लॉनचं जेवढं नुकसान झालं तेवढं साऱ्या वऱ्हाडाने मिळून केलं नव्हतं. हरळी उन्हाची भुकेली; पायाखाली तुडवलेली ती सोसते, अंधार सोसत नाही.

मॅट निघाली तेव्हा लॉनवर लग्नाचा नकाशा उमटला होता. स्टेजचा चौकोन फिकट पिवळा. टेबलांच्या रांगा फिकट पट्ट्यांच्या. पुढे जिथे प्लॅस्टिकवर ऊन पडलं होतं, तिथे तपकिरी. आणि मागे, जिथे भाताचं पाणी ओतलं, तिथे काळे गोल. भाऊजींना सगळा एकच रंग दिसत होता. माळीमामांनी बोटाने एकेक जागा दाखवत निवाडा केला: पिवळं म्हणजे उपाशी, तपकिरी म्हणजे आजारी, काळं म्हणजे गेलं. त्यांनी काट्याने सगळीकडे खोल भोकं पाडली, त्यावर वाळू आणि चाळलेलं शेणखत पसरून झाडूने आत ढकललं, सकाळचं भरपूर पाणी दिलं आणि सगळ्यांना सांगितलं, की आता इकडे कोणी फिरकायचं नाही. दूर्वांनासुद्धा नाही. माई शेजारच्या बंगल्यातून दूर्वा आणू लागल्या, कडेकडेने.

उन्हाळा असता तर महिन्याभरात खाणाखुणा मिटल्या असत्या. हरळी गरम हवेतलं गवत, पंचवीस-तीस अंशांत जोमाने धावते. पण आपल्याकडे लग्नं तुळशीच्या लग्नानंतर, आणि तेव्हा निफाडचा पारा वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर असतो. थंडीत हरळी झोपते. भाऊजी रोज सकाळी स्वेटर घालून पिवळ्या चौकोनाशेजारी उभे राहायचे; काही हलायचं नाही. होळीच्या सुमारास स्टेजची जागा हिरवी झाली, गुढीपाडव्याला टेबलांच्या पट्ट्या गेल्या. तपकिरी भाग पाडव्यानंतर कडेने भरत आला. काळे गोल भरले नाहीत. तिथली माती टोपलीभर काढून नव्या गाद्या लावाव्या लागल्या. म्हणून मी म्हणतो, की मुंजी उन्हाळ्यात असतात यात बटूपेक्षा लॉनचा फायदा जास्त आहे.

या वर्षी आपल्याही दारात मांडव पडणार असेल, तर मनापासून घाला, सगळ्यांना बोलवा, टाचांसकट बोलवा. पाणी दोन-तीन दिवस आधी तोडा, यंत्राचं पातं वर ठेवा, प्लॅस्टिकचा कागद घरातच राहू द्या, आचाऱ्याला कढत पाण्यासाठी एक पिंप द्या. आणि मांडववाल्याच्या हातावर इसार ठेवण्याआधी त्याला विचारा, मॅट कधी उचलणार? तो 'उद्या' म्हणाला तर किती वाजता, हेही विचारा, आणि ते पावतीवर लिहून घ्या.